सरकारी वकिलाला सनद लागते का? सूट कुणाला, कागद कोणते: नाशिकच्या वकिलांसाठी सविस्तर

एमपीएससीची सहायक सरकारी अभियोक्त्यांची, म्हणजे एपीपींची, जाहिरात आली, किंवा कुठल्या सरकारी ऑफिसात विधी अधिकाऱ्याची जागा निघाली, की नाशिक कोर्टाच्या बाररूममध्ये आठवडाभर एकच विषय चालतो. सनद, म्हणजे वकिलीच्या नोंदणीचा दाखला, जमा करावी लागेल का, सीओपीचं, म्हणजे प्रॅक्टिसच्या सर्टिफिकेटचं, काय, सरकारी वकील झाल्यावर बार कौन्सिलचा आपला संबंध राहतो की आपण आता सरकारचे. आणि उत्तरं सगळे एकदम ठामपणे देतात. एक म्हणतो सरकारी नोकरी लागली की सनद जमा, विषय संपला. दुसरा म्हणतो अरे आमचे साहेब कितीतरी वर्षं एपीपी होते, त्यांनी कधी काही जमा केलं नाही. गंमत म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण सरकारी वकील या एका नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या प्रकारची माणसं येतात आणि प्रत्येकाला कायदा वेगळा लागतो.

ऑर्डरवर सरकारी हा शब्द आहे की नाही याने फारसं काही ठरत नाही. दोन प्रश्नांनी ठरतं. तुम्ही पूर्णवेळ पगारी नोकर आहात का, आणि तुमचं मुख्य काम कोर्टात उभं राहून केस चालवणं आहे का. या दोन प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या नेमणूक पत्रात शोधायची, बाररूममध्ये नाही.

आधी कागद ओळखा, कारण सगळा घोळ इथूनच सुरू होतो

प्रॅक्टिसचं सर्टिफिकेट म्हटलं की लोकांच्या डोक्यात वेगवेगळे कागद असतात. पहिला म्हणजे सनद, म्हणजे ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम २४ खाली बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाच्या रोलवर, म्हणजे वकिलांच्या नोंदणी यादीवर, तुमचं नाव चढलं त्याचा दाखला. कलम ३३ सांगतं की रोलवर नाव असलेल्यानेच वकिली करायची, आणि ज्याला तो हक्क नाही त्याने केली तर कलम ४५ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. कलम ३०, म्हणजे देशातल्या सगळ्या कोर्टांत प्रॅक्टिस करायचा हक्क, हे कायदा १९६१ चा असूनही लागू झालं १५ जून २०११ पासून, पन्नास वर्षं ते नुसतं पुस्तकात होतं.

दुसरा कागद सीओपी, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस. ऑल इंडिया बार एक्झाम पास झाल्यावर मिळतं ते. त्याशिवाय २०१५ चे व्हेरिफिकेशनचे नियम आहेत, त्यात जुन्या वकिलांनीसुद्धा फॉर्म भरून डिग्री तपासून घ्यायची, आपण खरंच प्रॅक्टिस करतोय हे दाखवायचं, असं आलं. खोट्या डिग्रीवाले शोधायला हे सुरू झालं आणि एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर निवृत्त न्यायमूर्ती दीपक गुप्तांच्या अध्यक्षतेखाली हाय पॉवर्ड कमिटी नेमली, विद्यापीठांनी डिग्री तपासायचे पैसे घ्यायचे नाहीत असंही सांगितलं. तुमचं व्हेरिफिकेशन अर्धवट लटकलं असेल तर सरकारी जागेचा अर्ज करायच्या आधी ते मार्गी लावा, नंतर धावपळ होते.

तिसरा कागद अनुभवाचा दाखला. हा बार कौन्सिलचा नसतो. जाहिरातीत जो नमुना दिला असेल त्याच नमुन्यात, ज्याची सही मागितली असेल त्याचीच सही घेऊन तो लावायचा असतो. पुष्कळ मुलं सीओपीची झेरॉक्स लावून मोकळी होतात आणि मग अर्ज बाद झाला की नशिबाला बोल लावतात. सीओपी सांगते की तुम्ही प्रॅक्टिस करू शकता, तुम्ही पाच किंवा सात वर्षं खरोखर केली हे ती सांगत नाही.

आणि नोटरीचं जे सर्टिफिकेट असतं ते १९५२ च्या नोटरी कायद्याखालचं, ते साफ वेगळं, त्याचा इथे काही संबंध नाही.

बार एक्झाममधून सरकारी वकिलाला सूट आहे का

नाही. सरकारी वकील आहे म्हणून सूट, असं काही नाही. सूट आहे ती डिग्रीच्या वर्षावरून. २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून पुढे जे लॉ पास झाले त्यांना परीक्षा बंधनकारक, त्याआधी पास झालेल्यांना नाही. म्हणजे समजा कलेक्टर ऑफिसातला एखादा अव्वल कारकून १९९८ साली एलएलबी झालाय, सनद कधी घेतलीच नाही, आता रिटायर होऊन घेतोय, तर त्याला परीक्षा नाही. आणि त्याच्याच मुलीला, जी गेल्या वर्षी पास झाली, तिला आहे.

ही परीक्षा घटनेत बसते का यावरही बरीच वर्षं वाद चालला आणि १० फेब्रुवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने बोनी फोई लॉ कॉलेजच्या केसमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाला असा अधिकार आहे असं सांगून तो विषय संपवला. शंभर प्रश्न, पर्यायी, निगेटिव्ह मार्किंग नाही, मराठीतूनही देता येते. पासिंग खुल्या आणि ओबीसी गटाला ४५ टक्के, एससी, एसटी आणि दिव्यांगांना ४० टक्के. सनद मिळाल्यावर दोन वर्षं ती प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरती, चालते, तेवढ्यात ही परीक्षा पास होऊन टाकायची. दोन वर्षं उलटली आणि परीक्षा राहिली तर कोर्टात उभं राहायचा हक्क थांबतो, मग ती मधली वर्षं अनुभवात दाखवताना फार अडचण येते.

नवीन सनदेच्या फीबद्दल जाता जाता: सुप्रीम कोर्टाच्या ३० जुलै २०२४ च्या गौरव कुमार निकालानंतर एनरोलमेंटची फी सर्वसाधारण गटाला ७५० रुपये आणि एससी-एसटीला १२५ रुपये, वर स्टॅम्प ड्युटी लागेल ती. त्याच्यावर वेगवेगळ्या नावांनी कुणी पैसे मागितले तर पावती कशाची देताय ते विचारा.

पायरी पहिली: ऑर्डर काढा आणि आपण कोण ते बघा

जिल्हा सरकारी वकील, अतिरिक्त किंवा सहायक सरकारी वकील, म्हणजे आपल्याकडे लोक ज्यांना डीजीपी, एजीपी म्हणतात, हे विधी व न्याय विभागाकडून ठराविक मुदतीसाठी नेमलेले असतात. त्यांच्या अटी १९८४ च्या महाराष्ट्र लॉ ऑफिसर्स नियमांत आहेत. हे नोकर नसतात, फीवर किंवा रिटेनरवर काम करणारे वकील असतात, सरकार त्यांचं पक्षकार. त्यामुळे सनद जिवंत हवी, सीओपी हवी, बार कौन्सिलची शिस्त पूर्ण लागू. उलट इथे सनद जमा केली तर नेमणुकीचा पायाच गेला. फक्त सरकारच्या विरोधात उभं राहायचं नाही, आरोपीचं वकीलपत्र घ्यायचं नाही वगैरे बंधनं नियमांत आणि ऑर्डरमध्ये असतात, ती वाचा. फौजदारी बाजूला बीएनएसएसच्या, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १८ प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपले कलेक्टर, सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून पब्लिक प्रॉसिक्यूटरांचं, म्हणजे पीपींचं, पॅनेल बनवतात आणि त्यासाठी किमान सात वर्षं वकिलीची अट आहे. एखाद्या गाजलेल्या केसला स्पेशल पीपी नेमतात त्यांना दहा वर्षं.

सहायक सरकारी अभियोक्ता म्हणजे एपीपी, मॅजिस्ट्रेट कोर्टात सरकारची बाजू चालवणारे, ते बीएनएसएसच्या कलम १९ मधले. एमपीएससीतून येतात, गृह विभागाच्या अभियोग संचालनालयाखाली असतात, पगार, पेन्शन, बदल्या सगळं सरकारी नोकराचं. निफाड, मालेगाव, येवला, सिन्नर, कुठेही पोस्टिंग. एकेकाळी हे काम पोलीस खात्याच्याच हाताखालचे प्रॉसिक्यूटर करायचे, १९९५ ला शहाणे विरुद्ध महाराष्ट्र सरकार या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रॉसिक्यूटर पोलिसांपासून वेगळे काढा, त्यांचं स्वतंत्र केडर करा. वादाचा खरा मुद्दा यांचाच, त्यावर खाली सविस्तर येतो.

विधी अधिकारी, कायदा सल्लागार, मंत्रालयात विधी व न्याय विभागात टेबलावर बसून मसुदे करणारे, महामंडळाच्या लीगल सेक्शनमधले. ऑफिसला जायचं, फाईलवर अभिप्राय लिहायचा, वकील नेमायचे, त्यांना माहिती पुरवायची, परिच्छेदनिहाय शेरे बनवायचे. कोर्टात उभं राहतो तो पॅनेलवरचा वकील. हे लोक पूर्णवेळ पगारी, आणि मुख्य काम कोर्टात नाही. यांनी सनद स्थगित करायची, इथे दुसरा विचार नाही.

पॅनेल वकील, म्हणजे महापालिका, जिल्हा परिषद, वीज कंपनी, एसटी, बँका यांच्या यादीवरचे, हे साधे वकीलच. पॅनेलवर आहे म्हणून काही वेगळं करायची गरज नाही.

मग राहतात कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, महिन्याला ठराविक मानधन, पद विधी अधिकारी. इथे मानधन लिहिलंय, पगार नाही लिहिला, म्हणून सनद चालते असं पुष्कळांना वाटतं. ऑर्डरमध्ये ऑफिसची पूर्ण वेळ हजेरी आहे का, रजेचा अर्ज लागतो का, खासगी प्रॅक्टिसला मनाई आहे का, हे बघा. तिन्हीचं उत्तर हो असेल तर नाव मानधन असो की आणखी काही, ती पूर्णवेळ नोकरीच समजून चाला. दिवसातले दोन-तीन तास सल्ल्याचं काम असेल तर बार कौन्सिलच्या नियम ५२ खाली परवानगी घेऊन अर्धवेळ काम करता येतं, पण परवानगी आधी घ्यायची, नंतर नाही. लीगल एड डिफेन्स कौन्सेल म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लागलेल्यांचं काम मात्र कोर्टातच असतं, आरोपीच्या बाजूने, त्यांना सनद लागतेच.

नियम ४९ आणि एपीपींचं काय

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत भाग ६ मध्ये नियम ४९ आहे. तो सांगतो की वकिलाने प्रॅक्टिस करत असताना कुणाचाही, सरकारचाही, पूर्णवेळ पगारी नोकर व्हायचं नाही, झाला तर कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत प्रॅक्टिस थांबवायची. पूर्वी याच नियमात पुढे एक परिच्छेद होता, त्यात केंद्राच्या किंवा राज्याच्या लॉ ऑफिसरला सूट होती, म्हणजे ज्याला सेवाशर्तींप्रमाणे कोर्टात उभं राहायचं असतं त्याला. ती सूट जून २००१ मध्ये ठराव करून काढून टाकली. इथून पुढे गोंधळ वाढला, कारण सूटच गेली म्हटल्यावर एपीपीसुद्धा वकील राहिले नाहीत असा अर्थ लोक काढायला लागले.

त्याच वर्षी सतीश कुमार शर्मांच्या केसचा निकाल आला होता. ते हिमाचलच्या वीज मंडळात लॉ ऑफिसर होते, त्यांची सनद रद्द झाली आणि सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. पण कारण नीट वाचलं तर ते असं आहे की त्यांचं मुख्य काम कोर्टात केस चालवणं हे नव्हतंच, ते ऑफिसातले अधिकारी होते.

मग २०१३ ला दीपक अग्रवाल विरुद्ध केशव कौशिक. जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीत पब्लिक प्रॉसिक्यूटर, डेप्युटी ॲडव्होकेट जनरल वगैरे मंडळी निवडली गेली होती आणि आक्षेप असा की हे तर सरकारी नोकर, घटनेच्या कलम २३३(२) मधले सात वर्षांचे वकील कसे. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सूट काढून टाकली तरी कसोटी तीच, माणूस कोर्टात उभा राहून बाजू मांडतोय की नाही. प्रॉसिक्यूटर सरकारकडून पगार घेतो पण काम वकिलाचंच करतो, त्यामुळे तो वकील असणं थांबत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा. एपीपी म्हणून रुजू झालात तर उत्साहाच्या भरात सनद जमा करायला धावू नका. आणि काहीच न कळवता गप्पही बसू नका. बार कौन्सिलला एक साधं पत्र द्या, की अमुक तारखेला अमुक पदावर रुजू झालो, कामाचं स्वरूप मॅजिस्ट्रेट कोर्टात सरकारतर्फे खटले चालवणं हे आहे, सोबत नेमणूक आदेश. पोहोच घ्या आणि जपून ठेवा. उद्या जिल्हा न्यायाधीशाच्या परीक्षेला बसलात तर छाननीत पहिला प्रश्न हाच येतो आणि तेव्हा हा कागद शोधायला लागू नये. सनद आहे म्हणून खासगी केस घेता येते असा मात्र अर्थ नाही. तुम्ही सरकारी कर्मचारी आहात, महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ लागू आहेत, भावाच्या जमिनीच्या दाव्यातसुद्धा उभं राहायचं नाही.

पुढे एपीपीची बदली किंवा डेप्युटेशन एखाद्या ऑफिसात झालं, जिथे कोर्टाचं काम शून्य आणि वर्षानुवर्षं फक्त अभिप्राय, तर हीच कसोटी उलटी लागू शकते. हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. डेप्युटेशनच्या ऑर्डरमध्ये कामाचं स्वरूप काय लिहिलंय ते बघून ठेवा.

वकीलपत्रातून सूट म्हणजे सनदेतून सूट नाही

हे वेगळं सांगावं लागतं कारण अगदी शिकलेली माणसंही इथे गल्लत करतात. जुन्या सीआरपीसीचं कलम ३०१, आता बीएनएसएसचं ३३८, सांगतं की केस ज्याच्याकडे आहे तो पीपी किंवा एपीपी कुठल्याही लेखी अधिकारपत्राशिवाय कोर्टात उभा राहू शकतो. म्हणजे त्याला प्रत्येक केसमध्ये वकीलपत्र भरायचं नाही, इतकंच. ती सूट पक्षकाराच्या सहीच्या कागदापुरती आहे, वकील म्हणून पात्र असण्याची अट ती काढत नाही. रिक्षावाल्याला रोजच्या स्टँडवर पावती लागत नाही म्हणून त्याला लायसन्स लागत नाही असं होत नाही ना.

पायरी दुसरी: सनद स्थगित करायची असेल तर

विधी अधिकारी म्हणून लागलात, किंवा लॉ झालेले असून क्लास टू, क्लास वनच्या दुसऱ्याच पदावर गेलात, तर हे करायचं.

रुजू व्हायच्या आधी हातातल्या केसेस मोकळ्या करा. दिवाणी दाव्यात एकदा वकीलपत्र दाखल झालं की कोर्टाच्या परवानगीने लेखी संपवल्याशिवाय ते चालूच समजतात, त्यामुळे नुसतं पक्षकाराला फोन करून दुसरा वकील बघा सांगितलं तर रेकॉर्डवर नाव तुमचंच राहतं. डिस्चार्ज पुरशिस, म्हणजे केसमधून मोकळं होत असल्याचं लेखी निवेदन, कोर्टात द्या, पक्षकाराला लेखी कळवा, फाईल परत दिल्याची सही घ्या. पिंपळगाव, दिंडोरीकडच्या पक्षकाराला तारीख चुकली आणि एकतर्फी झालं तर तो नवीन वकिलाला नाही, तुम्हाला शोधत येणार.

मग कौन्सिलला अर्ज. नियम असा आहे की स्वतःहून प्रॅक्टिस स्थगित करणाऱ्याने मूळ सनदेसह रजिस्टर पोस्टाने कळवायचं. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तेव्हा काउंटरवर स्पीड पोस्ट करताना रजिस्ट्रेशनची सोय मागून घ्या. मी तरी म्हणतो मूळ सनद पोस्टात टाकण्यापेक्षा एक दिवस काढा, पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला कौन्सिलच्या ऑफिसात जा, हातोहात द्या आणि आवक शिक्का मारलेली प्रत घेऊन संध्याकाळी परत या. जायच्या आधी सनदेच्या दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढून ठेवा. सोबत नेमणूक आदेश, रुजू अहवाल, अर्ज, आणि कौन्सिल मागेल ते प्रतिज्ञापत्र आणि फी, ते चालू यादीप्रमाणे कौन्सिलच्या वेबसाईटवर बघून घ्या.

मुदत महत्त्वाची. नियम ४३ मध्ये ९० दिवस दिलेत, पूर्णवेळ किंवा अर्धवेळ नोकरी घेतल्यापासून ९० दिवसांत कौन्सिलला घोषणापत्र द्यायचं. दिलं नाही आणि पटेल असं कारणही दाखवता आलं नाही तर कौन्सिलची समिती प्रॅक्टिसचा हक्क निलंबित करणारा आदेश काढू शकते. स्वतः स्थगित केलेलं आणि कौन्सिलने निलंबित केलेलं यात रेकॉर्डला जमीन-अस्मानाचा फरक पडतो. वरून नोकरीत असताना एखाद्याने तक्रार केली की हे गृहस्थ दोन्हीकडे आहेत, तर कलम ३५ ची गैरवर्तनाची कारवाई, आणि इकडे खात्याची चौकशी, दोन्ही एकदम.

स्थगितीनंतर दारावरची ॲडव्होकेटची पाटी काढा, गाडीवरचं स्टिकर काढा, लेटरहेड वापरू नका. विधी अधिकारी म्हणून कोर्टात केसची माहिती द्यायला जाल तेव्हा गळ्यात वकिलाचा बँड लावून जाऊ नका. हसू नका, असे लोक दिसतात.

पायरी तिसरी: नोकरी सोडली, आता परत यायचंय

सचिवांच्या नावे अर्ज करायचा आणि सोबत प्रतिज्ञापत्र, की स्थगितीच्या काळात कलम २४-अ मधली कुठलीही अपात्रता आलेली नाही. कलम २४-अ म्हणजे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा, किंवा तशाच आरोपावरून सरकारी सेवेतून बडतर्फी किंवा काढून टाकणं, त्यात दोन वर्षं गेल्यावर अपात्रता संपते असंही तिथेच आहे. राजीनामा मंजूर झाल्याचा आदेश आणि कार्यमुक्तीचा आदेश लावा. नुसती राजीनाम्याची प्रत चालत नाही, मंजुरी लागते, आणि चौकशी प्रलंबित असेल तर ती लपवू नका. एनरोलमेंट कमिटी बघते आणि सनदेवर शेरा मारून ती परत देते. तो शेरा हातात येईपर्यंत वकीलपत्रावर सही नाही.

वर्षं मोजताना

स्थगित काळ वकिलीच्या अनुभवात धरत नाहीत. विधी अधिकारी म्हणून आठ वर्षं काढली आणि आधीची तीन वर्षं प्रॅक्टिस, तर पीपीच्या पॅनेलसाठी तुमची वर्षं तीन. एपीपीचं तसं नाही, बीएनएसएस कलम १८ मध्येच स्पष्ट लिहिलंय की पीपी, अतिरिक्त पीपी, एपीपी किंवा दुसऱ्या नावाचा अभियोग अधिकारी म्हणून केलेली सेवा ही वकिलीच धरायची. संचालनालयातल्या वरच्या पदांना कलम २० आहे, संचालक आणि उपसंचालकाला पंधरा वर्षं वकिली, सहायक संचालकाला सात.

न्यायाधीश व्हायचं असेल तर दोन निकाल लक्षात ठेवा. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षं प्रॅक्टिसची अट परत आणली, आणि ती वर्षं प्रोव्हिजनल एनरोलमेंटच्या तारखेपासून धरायची असं सांगितलं, बार एक्झाम पास झालेल्या तारखेपासून नाही. त्यासाठी दाखला प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा, किंवा दहा वर्षं झालेल्या वकिलाचा आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता. आणि ९ ऑक्टोबर २०२५ ला घटनापीठाने ठरवलं की सेवेतले न्यायिक अधिकारीही जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला बसू शकतात, वकिली आणि न्यायिक सेवा मिळून सात वर्षं झाली असली की.

आणि पुरावा वर्षाच्या वर्षाला गोळा करत चला. दरवर्षीची चार-पाच वकीलपत्रं, तुमचं नाव असलेले रोजनामे (तारखेच्या कामकाजाच्या कोर्टातल्या नोंदी), ई-कोर्ट्सवरच्या केसच्या प्रिंट, बार असोसिएशनच्या पावत्या, एका फाईलमध्ये. सीनियरकडे असताना ज्युनियरचं नाव रोजनाम्यात येतच नाही ही आपल्याकडची जुनी तक्रार आहे, तेव्हा सीनियरना सांगून वकीलपत्रावर आपलंही नाव टाकून घ्या, त्यात लाजायचं काही नाही.

सनद अजिबात लागत नाही अशी सरकारी कामं

खातेनिहाय चौकशीतला सादरकर्ता अधिकारी, त्याला सनद नको, तो खात्याचाच माणूस. माहिती अधिकाराच्या अपिलात जन माहिती अधिकारी स्वतः उभा राहतो. मॅटमध्ये, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणात, १९८५ च्या कायद्याचं कलम २३ सरकारला आपला एखादा अधिकारीही सादरकर्ता म्हणून नेमू देतं. दिवाणी दाव्यात सरकारतर्फे कैफियतीवर, म्हणजे लेखी उत्तरावर, सही करणारा अधिकारी वकील असायची गरज नाही, फक्त त्याला तसा अधिकार दिलेला पाहिजे आणि प्रकरणाची माहिती पाहिजे. कोर्ट स्वतः एखाद्या केसपुरती बिगरवकिलाला परवानगी देऊ शकतं, ते ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३२. आणि मॅजिस्ट्रेट कोर्टात एपीपी उपलब्धच नसेल तर जिल्हा दंडाधिकारी राज्य सरकारला चौदा दिवसांची नोटीस देऊन त्या केसपुरता दुसरा माणूस नेमू शकतो, पोलीस अधिकारीही चालतो, पण तपासात हात असलेला किंवा निरीक्षकाच्या खालचा नाही.

रिटायर झाल्यावर

ज्यांनी निवाड्याचे अधिकार वापरलेत, म्हणजे न्यायिक अधिकारी, ट्रिब्युनलचे सदस्य, पुरावा घ्यायचा अधिकार असलेले इतर प्राधिकारी, त्यांना बार कौन्सिलचा नियम ७ लागतो. रिटायरमेंटच्या आधीच्या तीन वर्षांत ज्या भागात अधिकार चालवला तिथे दोन वर्षं प्रॅक्टिस नाही. त्याच्या वरच्या कोर्टात चालते. म्हणजे नाशिकला प्राधिकारी म्हणून शेवटची तीन वर्षं काढली असतील तर त्याच टेबलासमोर लगेच वकील म्हणून उभं राहायचं नाही, हायकोर्टात जायला मोकळे. एपीपी म्हणून रिटायर झालेल्याने निवाडे दिलेले नसतात त्यामुळे त्याला हा नियम तसा लागत नाही, पण ज्या केसमध्ये आपण सरकारतर्फे उभे होतो त्याच केसमध्ये आरोपीकडून वकीलपत्र घ्यायचं नाही. रिटायर होताना आपण चालवलेल्या केसेसच्या नंबरांची यादी घरी ठेवा. पाच वर्षांनी अपिलाची फाईल घेऊन कुणीतरी ऑफिसला येतं आणि तोपर्यंत नावं आठवत नाहीत.